पिशवीची भीती

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. वय असेल चौतीस. आमच्या पालीतल्या आशाताईंनी तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला बोलावलं होतं, ही काही गेली नाही.

मला वाटलं, लाजली असेल. ते तर होतंच. "मला कुठं काय दुखतंय," हेही म्हणून झालं. खरं कारण चहा संपता संपता बाहेर आलं.

"बाई, एकदा टेबलावर झोपलं की पिशवी काढा म्हणतेत. माझ्या मायला तसंच म्हणले. नाही काढली तर कॅन्सर होईल म्हणून."

तिची आई ऊसतोडीला जायची. अंगावरून पांढरं जातं एवढ्या तक्रारीवर पिशवी काढली, तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. उचल फेडायची असते, खाडा पडला की पैसे कापतात, त्यामुळे पाळीची कटकट गेलेली बरी असंही वाटतं बायकांना. २०१९ साली सरकारी समितीने आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग या पोरीला अडाणी कुठल्या तोंडाने म्हणू?

मी तिला शेजारची गोष्ट सांगितली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने १९९९ पासून खेड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली, तिथे या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते. २००९ साली हे छापून आलं. आणि दोष लवकर सापडला तर बहुधा तेवढाच भाग गोठवतात किंवा काढतात, पिशवी जागेवरच राहते. हे ऐकून ती जरा सैल बसली.

मग म्हणाली, "बाई, तुम्ही केली का हो?"

मी गप्प. कधीच केली नव्हती. शाळेत शिक्षक कमी, म्हणून मराठीबरोबर विज्ञानही माझ्याकडे असायचं. प्रजननाचा धडा आला की मी "घरी वाचून या" म्हणायचे. ही त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर होती.

असो. मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. मी सोबत जाणार आहे. माझ्या वयाला आता करतात का, तेही नर्सबाईंना विचारते.