आम्ही तपासलेले प्रूफ

आमच्या दर्यापुरात दर्या नाही आणि दऱ्याही नाहीत. आहे ती चंद्रभागा नदी, पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन आणि विहिरींचे खारे पाणी. गावाचे नाव इमादशाहीतल्या दर्या इमादशाहावरून पडले असे जुने लोक सांगतात. असेलही; त्या घराण्याची राजधानी अचलपूर इथून फार लांब नाही. नाव कुणावरूनही पडो, त्यातला रफार कसा द्यायचा हे आम्ही शाळेत तीस वर्षे शिकवले. दर्या म्हणजे समुद्र, त्याचा रफार डोक्यावर. दऱ्या डोंगरातल्या, त्यांचा र अर्धा आणि आडवा. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. एवढे सांगितले की मुले हसत, आणि मग विसरत नसत.

हे सारे आज आठवण्याचे कारण एक मोबाईल फोन आहे.

2024 च्या पावसाळ्यात आमचा पुतण्या पुण्याहून सुट्टीवर आला. तो संगणकाचे शिक्षण घेतो. आमचा फोन हातात घेऊन म्हणाला, "चाचा, इस में नया सिस्टम डाल देता हूँ. दुनिया को दो महीने बाद मिलेगा, आप को आज."

आम्ही विचारले, "दुनियेला दोन महिने का थांबवले आहे?"

तो म्हणाला, "अभी बीटा है ना."

मग त्याने समजावून सांगितले. फोन ज्यावर चालतो ती मूळ प्रणाली दरवर्षी नवी निघते. सर्वांना देण्यापूर्वी कंपन्या ती काही हौशी लोकांना वापरायला देतात. ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर बीटा, म्हणून ही दुसऱ्या पायरीची आवृत्ती. पूर्वी हे काम संगणकाची तार जोडून जाणकारच करत. अ‍ॅपलने 2015 साली आयफोनची अशी आवृत्ती सर्वसामान्यांना खुली केली, तर गुगलने मार्च 2016 मध्ये अँड्रॉईडच्या ठरावीक फोनांना ती घरबसल्या मिळण्याची सोय केली. नाव नोंदवायचे, आवृत्ती उतरवून घ्यायची, चूक दिसली की कळवायची.

आम्ही म्हणालो, "म्हणजे हे प्रूफ झाले!"

उभ्या आयुष्यात आमचे चारदोन लेख छापून आले. छापण्याआधी प्रूफ येई, आणि ते तपासताना आम्हांला छापील लेखापेक्षा जास्त आनंद होई. जगाने अजून न वाचलेले आपण वाचतो आहोत, आपल्या एका खुणेने चूक दुरुस्त होणार आहे, याची ती ऐट असते. त्या ऐटीपायी आम्ही होकार दिला.

घरातून मात्र आवाज आला, "घर में एकीच फोन है. उसपे तजुर्बे करते क्या?"

पुतण्या म्हणाला, "चाची, कुछ नहीं होता."

'कुछ नहीं होता' या तीन शब्दांनी आजवर किती घरे बुडाली असतील त्याची मोजदाद नाही. फोटोंची प्रत बाजूला काढून ठेवा असे फोनच्या पडद्यावर आधीच लिहून आले होते. आम्ही ते वाचलेच नाही. ज्याने जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून दटावले, त्याने वाचले नाही!

रात्री आवृत्ती उतरली. सकाळी फोन नव्या कपड्यांत समोर आला. दोन दिवस आम्ही मोहल्ल्यात मिरवलो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला बॅटरी संपू लागली. पाचव्या दिवशी किराणा दुकानात पैसे पाठवायचे अ‍ॅप उघडेना. फोनची मूळ प्रणाली ओळखीची वाटली नाही तर अशी अ‍ॅप सुरक्षेसाठी दार लावून घेतात, हे पुतण्याने पुण्याहून कळवले. दुकानदार म्हणाला, "राहू द्या गुरुजी, उद्या द्या." पण उधारीचा कागद आमच्या नावाने त्याने पहिल्यांदाच फाडला होता. मान खाली घालून घरी आलो.

खरा घोर पुढे होता. आमची वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू आहे. त्या वर्षी कपाशी आणि तूर पेरली होती. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. अतिवृष्टीची मदत असो की हमीभावाची खरेदी, ही नोंद विचारली जाते. मुदत संपायला तीन दिवस उरले असताना आम्ही चिखल तुडवत शेतात गेलो आणि अ‍ॅप उघडले. ते उघडताच मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. दोष अ‍ॅपचा नव्हता. ज्यांनी ते तयार केले त्यांनी तरी न निघालेल्या प्रणालीवर ते कसे तपासावे?

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुराने पे वापस जा सकते हैं, चाचा. लेकिन फोन पूरा साफ होगा." साफ म्हणजे लेकीच्या निकाहाचे फोटो, आणि अम्मीजानने शेवटच्या रमजानमध्ये पाठवलेला आवाज. तीन मिनिटांचा तो निरोप फक्त त्याच फोनमध्ये होता. एका हाताला पिकाची नोंद, दुसऱ्या हाताला आईचा आवाज, आणि मध्ये धुऱ्यावर उभे आम्ही. एवढ्या मोठ्या आभाळाखाली इतके मूर्ख आम्हांला कधी वाटले नव्हते.

शेजारच्या शेतातले भाऊ वखर सोडून आले. त्यांचा फोन जुना, काच तडकलेली, मागचे झाकण रबराने बांधलेले. म्हणाले, "गुरुजी, माह्या फोनवरून करा ना. एका फोनवर कितीक जनाईची नोंद होते." खरेच होते. त्या तडकलेल्या काचेतून आमची कपाशी दिसली, तूर दिसली, आणि पंधरा मिनिटांत नोंद झाली. गावी परतताच आम्ही मोबाईलच्या दुकानात जाऊन अम्मीजानचा आवाज पेन ड्राईव्हवर उतरवून घेतला. त्या दिवशी घरात कुणी काही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले.

आवाज सुरक्षित झाला म्हटल्यावर फोन साफ करून जुन्या आवृत्तीवर जाता आले असते. गेलो नाही, त्याचे कारण एक शब्द होता.

त्या रात्री मुंबईच्या मित्राला आम्ही घडलेला प्रकार फोनवर लिहीत होतो. 'दर्यापूर' बरोबर उमटले. पण 'वऱ्हाड' लिहिले तर तो आडवा र येईना. नुक्त्याचा उभा र, त्याला खाली हलन्त, आणि ह वेगळा. 'शेतकऱ्यांना' चे तसेच, 'धुऱ्यावर' चे तसेच. ज्या शब्दांत आमचा मुलूख आणि आमचे लोक होते, नेमके तेच मोडले होते. अँड्रॉईडच्या भाषांच्या यादीत मराठी 2014 साली, पाचव्या आवृत्तीत, आली. त्याआधी कित्येक फोनांवर आपली जोडाक्षरे अशीच विस्कटून येत, हे आम्हांला आठवले. ते दिवस दोन महिन्यांनी साऱ्या मराठी मुलखाच्या फोनवर परत येणार होते का?

चूक कळवण्याच्या जागी आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले. आचार्य आणि आचारी यांचे उदाहरण दिले, पडद्याचा फोटो जोडला. परदेशातल्या कुणा इंजिनिअरला आम्ही चौथीचा पाठ दिला म्हणा ना! उत्तर आले नाही. पण पुढची आवृत्ती आली तेव्हा 'वऱ्हाड' नीट उमटले. आमच्यामुळेच, असा दावा नाही. आणखी कुणीही कळवले असेल. पण कुणीतरी मराठी लिहिणाऱ्यानेच कळवले असणार. जी भाषा प्रूफ तपासायला बसत नाही, तिच्या चुका तशाच छापल्या जातात.

म्हणून, वाचकहो, या उद्योगात पडूच नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे दुसरा फोन आहे, त्याने जरूर पडावे आणि आपली जोडाक्षरे तपासावीत. ज्याच्या घरात एकच फोन आहे, त्याने सर्वांबरोबर थांबावे. आणि फोन एक असो की चार, आईचा आवाज आधी दुसरीकडे ठेवावा.

पुढच्या खरिपात आम्ही शेतात गेलो तेव्हा आमचे अ‍ॅप उघडले. आधी स्वतःची नोंद केली. मग शेजारच्या भाऊंना हाक मारली. त्यांचा तो तडकलेला फोन अखेर बंद पडला होता.