संगमापर्यंतची वाट

“आता या वयात कुठे फिरायचे?” घरातील ज्येष्ठ हे वाक्य जितक्या सहज उच्चारतात, तितक्याच सहज आपण ते मान्य करतो. हिमनद्यांजवळून जाणाऱ्या जहाजांची छायाचित्रे पाहून उसासा टाकण्यापूर्वी जरा आपल्या खान्देशाकडे पाहा. रस्त्याचा आणि पाण्याचा आनंद एकत्र देणारी एक सहल येथेही आहे. ती म्हणजे मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाची.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत महामार्ग जळगावला येतो. धुळ्याच्या मंडळींनी येथेच मुक्काम करावा आणि संध्याकाळ मेहरूण तलावाकाठी घालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ, वरणगावमार्गे पुढे निघावे. डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. येथील उन्हाळा वृद्धांनी टाळावा, तसेच महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दीही.

वाटेत दर तासा-दीड तासाने थांबून चार पावले चालावे. फार वेळ बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. लघवीला जावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी पिणेच सोडतात, मनाने गोळीही चुकवतात. असे करू नये. त्यापेक्षा स्वच्छतागृह कोठे आहे हे आपणच आधी विचारून ठेवावे. औषधे डिकीत नव्हे, हाताशी असावीत.

संगमाजवळ चांगदेवांचे काळ्या पाषाणातील प्राचीन मंदिर आहे. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका. एवढ्या वयोवृद्ध योग्याने कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंना गुरू मानले. जवळच्या मेहूण येथे, तापीतीरी, १२९७ मध्ये मुक्ताबाई गुप्त झाल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

पुढे हतनूर धरण असल्याने येथे पाणी दूरवर पसरलेले दिसते. हिवाळ्यात त्यावर पाहुणे पक्षी उतरतात. लडाख-तिबेटच्या थंड सरोवरांकडचा, नारिंगी अंगाचा चक्रवाक त्यांतलाच. हिमाच्या प्रदेशापर्यंत आपण गेलो नाही, तरी तेथील पाहुणा आपल्या दारी येतो.

नावेत बसायचे असेल तर घाई करू नये. पाणी शांत असावे, जीवरक्षक जाकीट अंगात असावे. एकाने नावेत व एकाने काठावर उभे राहून आधार द्यावा. पावसाळ्यात, वारा सुटला असता किंवा चक्कर येत असल्यास नावेचा मोह सोडावा. काठावर खुर्ची टाकून घटकाभर पाण्याकडे पाहिले, तरी सहल अपुरी राहत नाही.

परतताना कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत अवश्य घ्यावे; तिखट, तेल व मीठ मात्र बेताने. केळीच्या या प्रदेशात केळी हाती येतीलच. परंतु मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच खावीत.

ज्येष्ठांना घरात बांधून ठेवते ती पुष्कळदा गुडघेदुखी नसते, तर कोणाचा तरी हात धरावा लागेल हा संकोच असतो. ज्या चांगदेवांनी आपल्याहून लहानाचा हात धरला, त्यांच्या मंदिराजवळच्या तीरावर हा संकोच सोडायला काय हरकत आहे? आणि आपण तरुण असाल, तर त्यांनी मागण्याआधीच हात पुढे करावा.