केटी आणि लेडीज डबा

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मला अकाउंट्समध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पण वर्ष पुढे सरकलं. बारावीपर्यंत ऋणको-धनको पाठ केलेले आणि इथे सगळं इंग्रजीतून. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचे. केटी म्हणजे पास की नापास, हे आईला कसं समजवावं तेच कळेना.

आम्ही राहायचो बदलापूरला. कॉलेज उल्हासनगरला, तिथून दुसरंच स्टेशन, पण सकाळच्या लोकलमध्ये तिथे उतरणं ही परीक्षाच. अंबरनाथ सुटलं की डब्यातल्या बायका मला हातोहात दाराकडे सरकवायच्या. त्यांतल्याच बँकेत नोकरी करणाऱ्या एका काकूंनी एकदा प्लॅटफॉर्मवर विचारलं, ‘‘तोंड का पडलंय गं?’’

‘‘केटी लागली, काकू.’’

‘‘मग? मला दोन लागल्या होत्या. आता लोकांच्या कर्जाच्या फायली मीच बघते.’’

गाडी उशिराच होती. काकूंनी पर्समधून जुनी पावती काढली, तिच्या पाठीवर इंग्रजी ‘टी’ काढला. काय आलं ते डावीकडे, काय गेलं ते उजवीकडे. मग पेन माझ्या हातात दिलं. ‘‘घरभाडं दिलंस, रोख गेली. लिही.’’ पुढे गाडीला उशीर झाला की आमची शिकवणी सुरू. केटी सुटली.

बी.एड. करताना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराचा स्वयंक्षमतेचा सिद्धांत वाचला. ‘मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, हे त्याने 1977 साली मांडलं: स्वतः काही करून दाखवल्याने, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहून, दुसऱ्याने दिलेल्या धीराने आणि मनावरचा ताण उतरल्याने. काकूंनी एका पावतीवर बहुतेक सगळंच उरकलं होतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने तर 1973 साली दाखवून दिलं, की नोकरीची बातमी अनेकदा जिवलगांकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसांकडून कळते. लेडीज डब्यात ते रोज घडतं. मलाही पहिल्या नोकरीची जाहिरात तिथेच कळली.

उल्हासनगरला ओळखीचा असा आधार नवा नाही. फाळणीत सिंधमधून उखडून आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार मांडले, 1949 साली शहराला नाव मिळालं आणि 1965 मध्ये स्टेशनसमोर चांदीबाई कॉलेज उभं राहिलं. हाताशी भांडवल नव्हतं तेव्हा एकमेकांची ओळख कामी आली.

पण ही ओळख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण कॅम्प नंबर पाचमध्ये राहायची. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. कॉलेज सुटलं की थेट घर, आईबरोबर जीन्सचे धागे कापायचे. कॉलेज चालत जायच्या अंतरावर, त्यामुळे तिला ना लोकल, ना काकू. केटी तिलाही लागली. फी भरायच्या दिवसांत तिने यायचं बंद केलं आणि का, हे कुणी विचारलं नाही.

आता मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. हुशारीत आम्हा दोघी मैत्रिणींमध्ये फरक नव्हता. मला विचारणारं माणूस भेटलं, तिला नाही. म्हणून शिक्षकांना सांगणं एवढंच, की मुलगा किंवा मुलगी आठवडाभर दिसली नाही तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून थांबू नका, घरी फोन करा. आणि मुलांनो, मनावर फारच ओझं झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो फिरवा.