अंकांमागचे श्वास

रविवार, रात्र.

जीवसांख्यिकीच्या पदव्युत्तर प्रमाणपत्राची वही उघडली की प्रथम सूत्रेच दिसतात. परंतु आज १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा तपशील वाचताना त्या सूत्रांआडची माणसे मला स्पष्ट दिसली. औषध थोडे आणि क्षयरोगी असंख्य, अशा त्या टंचाईच्या काळात संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ते कोणास द्यावे याचा निवाडा वैद्याच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक अंकांवर व मोहोरबंद लिफाफ्यांवर सोपवला, हे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटले, तरी मर्जीत नकळत शिरणारा पक्षपात टाळण्याचा तोच न्याय्य मार्ग होता. सहा महिन्यांअखेर औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४, आणि केवळ शय्याविश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले. औषध निष्प्रभ असते, तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याचा संभव किती, याचा हिशेब मी काई-वर्ग चाचणीने स्वतः मांडला; तो संभव शंभरात एकाहूनही कमी निघाला. कोष्टकाच्या चार चौकटींत १०७ जीवांची नोंद सामावते. म्हणूनच बेरजेतील प्रमाद हा मला आता केवळ गणिताचा दोष वाटत नाही, तो त्यांच्या विश्वासाचा भंग वाटतो.