नगरच्या मोठ्या दुकानात

पाथर्डी तालुक्यातील आमच्या गावाहून नगर पन्नासेक किलोमीटर. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त बसताना तोंडात अजून नगरच येते. लग्नाचा बस्ता कापडबाजारात, डाळी-मसाला दाळमंडईत, हा आमच्या घरचा रिवाज. आता मात्र मुले म्हणतात, "मोठ्या दुकानात जाऊ." तिथे एवढे आहे तरी काय, ते पाहावे म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही सारे निघालो. ऐंशी ओलांडलेली आजीही बरोबर होती. करंजीचा घाट ओलांडून माळीवाड्याला उतरलो आणि रिक्षाने दुकान गाठले.

आत गारवा, ढकलगाड्या आणि मालाच्या रांगा. आजीने विचारले, "मागायचं कोणाला?" आम्ही म्हणालो, "मागायचं नाही, आपल्या हातानं घ्यायचं." सुट्या तूरडाळीच्या पेटीपाशी ती थांबली. इकडेतिकडे पाहिले आणि हळूच डाळीत हात घातला. कोणी हटकले नाही.

परतताना तिने सांगितले. तिच्या लहानपणी गावच्या दुकानाची पायरी आपल्या माणसांनी चढायची नाही. पैसे पायरीवर ठेवायचे, माल वरून पदरात पडायचा. भाव तो सांगेल तो. खडे निघाले तरी बोलायची सोय नव्हती.

बंधू-भगिनींनो, मोठ्या दुकानाची ओढ केवळ स्वस्ताईची नाही. तिथे गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये कोणी उभा नसतो. आडनाव कोणी विचारत नाही, भाव सर्वांना एकच. पण ही त्या दुकानाची मेहेरबानी समजू नये. जातीवरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येणार नाही, हे राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानाचा उल्लेख करून लिहिले आहे. घटना १९५० साली अमलात आली. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम १९९० पासून आहे. हे दोन्ही हक्क गावच्या दुकानातही तेवढेच लागू आहेत.

दुसरी बाजूही पाहावी. हाताने माल घेण्याची ही पद्धत १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' नावाच्या दुकानात सुरू केली. त्यात नोकरांचा पगार वाचे, आणि गिऱ्हाइकाला सगळ्या मालासमोरून फिरूनच बाहेर पडावे लागे. समोर दिसले की हात जातो. आम्ही डाळ, तेल आणि साबणासाठी गेलो होतो. घरी आलो तेव्हा पिशवीत प्लॅस्टिकचे डबे आणि बिस्किटांचे चार पुडेही होते! ऊसतोडीची उचल हाती येईपर्यंत गावचा दुकानदार उधार देतो, तशी सोय इथे नाही.

म्हणून जाताना यादी न्यावी. मोठा पुडा स्वस्तच असतो असे धरू नये, किलोचा भाव काढून पाहावा. पावती तिथेच तपासावी.

आजीने आणलेली डाळ निवडून पाहिली. खडा निघाला नाही. म्हणाली, "पुढच्या खेपेला मलाही न्या. डाळ मीच बघून घेईन."