चाकाला ओल

एप्रिलच्या दुपारी नगरच्या सावेडीत पंख्याखाली बसलं तरी वारा तव्यावरून आल्यासारखा लागतो. अशाच एका दुपारी माझी झोप मोडून भाचा समोर उभा राहिला. काखेत रिमोटची गाडी, आणि हातात त्या गाडीचा सुटा झालेला टायर.

“मामा, हा निघाला. आता सरळ जातच नाही, नुसती गिरक्या घेते.”

मी टायर हातात घेतला. तळहातावर मावेल एवढा, काट्याकाट्यांचा, नवाकोरा. आत बोट घातलं तर ट्यूब नाही, हवा नाही, स्पंजाचं एक कडं. प्लॅस्टिकच्या रिमला दोन्ही बाजूंनी बारीक खाच, तिच्यात टायरची कड नुसती बसवलेली. मोटारीच्या टायरचं वेगळं असतं. तिथे कडेत पोलादी तार असते आणि आतली हवा ती कड रिमवर दाबून धरते. हवा आहे तोवर टायर जागेवर आहे. इथे दाबून धरणारं कुणीच नाही, म्हणून चिकटवावं लागतं.

“हळू चालवायची मग,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी बोललोच नाही.

नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा त्याची बाजू पटली. चाकाचा व्यास पट्टीने मोजला, 85 मिलिमीटर भरला. गाडी ताशी 50 किलोमीटरने पळते असं धरलं तर हे चाक मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घेतं. 60 सेंटिमीटर व्यासाचं मोटारीचं चाक त्याच वेगाला साडेचारशेसुद्धा घेत नाही. एवढ्या गरगरण्यात रबर बाहेरच्या अंगाला ओढलं जातं, टायर फुलक्यासारखा फुगतो आणि कड खाचेतून निसटते.

तर प्रश्न गोंदाचा. आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हताच. फाटलेल्या पतंगाला भाताची शितं, वहीच्या पुठ्ठ्याला खळ, रागीट मास्तरांच्या तक्त्यांना बाभळीचा डिंक, आणि सुताराच्या डब्यातला तो वास मारणारा सरस. कशाला काय लावायचं हे विचारावं लागत नसे. आता घरातल्या एका ड्रॉवरमध्ये तीन प्रकारचे गोंद निघाले आणि आम्ही मामा-भाचे त्यांच्यापुढे गिऱ्हाइकासारखे बसलो.

सुतारकामाचा पांढरा गोंद आधी लावला, कारण तो आमच्या पिढीचा भरवशाचा. त्याचा दोष नाही. त्यातलं पाणी लाकडात, कागदात मुरतं आणि मग तो धरतो. रबरात काय मुरणार आणि प्लॅस्टिकमध्ये काय? दुसऱ्या दिवशी दुधावरची साय निघावी तशी त्याची पातळ कातडी अख्खीच्या अख्खी निघून आली. मग दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं ते. ते वाळून दगड झालं. गाडी पायरीवर आपटली, रबर वाकलं, दगड वाकला नाही, आणि कड पुन्हा मोकळी.

मी टायर खिशात घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला, हसले, आणि सोल्युशनची डबी पुढे केली. त्यांचं काम मी कितीदा पाहिलंय, पण त्या दिवशी नीट पाहिलं. ट्यूब कानशीने खरवडली, धूळ फुंकली, बोटाने सोल्युशनचा पातळ हात फिरवला आणि ठिगळ हातात धरून नुसते बसून राहिले.

“सुकू द्या ना साहेब. ओलं असताना लावलं की निघतंय.”

सोल्युशनमधला उडून जाणारा भाग आधी उडून जायला हवा, मग उरलेलं रबर रबराला धरतं. सायकलच्या शर्यतीत अजूनही टायर रिमला चिकटवून पळणारे आहेत. तेही थर देतात, सुकवतात, पुन्हा थर देतात. एवढं करूनही दगा होतो. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये उन्हाने रस्त्यावरचं डांबर वितळलं होतं. उतारावर स्पेनच्या होसेबा बेलोकीचा मागचा टायर रिमवरून निघाला, तो आपटला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. नगरच्या मे महिन्यात जुन्या डांबरी रस्त्यावर चप्पल अडकलेल्या कुणालाही हे डांबर समजेल.

पण आमच्या खाचेत सोल्युशन सुकायला जागाच नव्हती. कड बसवली की आत हवा जात नाही, मग ते महिनाभर चिकट ओलंच राहतं. चाचांनी डबी परत घेतली, पैसे घेतले नाहीत.

परतताना आजोळच्या बैलगाडीची आठवण आली. पाथर्डीकडची गाडी, लाकडी चाकांची. लाकडाच्या चाकावर लोखंडाचा जो पट्टा असतो त्याला आपल्याकडे धाव म्हणतात. चाकाला घालायची वस्तू, आणि तिचं नावच धाव! तिला गोंद लागत नाही. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवतो, चौघे मिळून चिमट्यांनी उचलून चाकावर घालतात आणि घणाचे घाव घालत वरून पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं, आरे तुंब्यात करकचून बसतात. तो करकर आवाज मला अजून ऐकू येतो.

पण धावही कायमची नसे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसायचं, धाव ढिली होऊन खडखडायची. मग आजोबा गाडी ओढ्याच्या डोहात नेऊन उभी करत. रात्रभर चाकं पाणी पीत. सकाळी लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट. डोह आटला असला तर ओलं पोतं गुंडाळायचं. बहात्तरच्या दुष्काळाचं ते सांगत, “माणसांना पाणी नव्हतं, तिथं चाकांना कुठलं? धावा रस्त्यात गळून पडायच्या.” पुढे साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आल्या आणि गावातल्या लोहाराकडचा तो जाळ विझला.

भाच्याला घेऊन मी एका रविवारी रणगाडा संग्रहालयात गेलो. नगरमध्ये ते 1994 साली सुरू झालं. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो आणि स्वतः तोफांकडे पाहत फिरतो. या वेळी मी खाली वाकलो. रणगाड्याच्या पट्ट्याच्या आत जी मोठी चाकं असतात त्यांच्यावर रबराचा भरीव टायर असतो. हवा नाही, खाच नाही. सेंच्युरियनच्या चाकाजवळ बसलो तर कडेच्या रबराचे लचके निघालेले, पण पोलादापासून रबर सुटलेलं दिसेना. तिथे गोंद वरून लावत नाहीत. धातू खरवडून त्यावर जोडणारा लेप देतात, कच्चं रबर साच्यात दाबतात आणि उष्णतेने पिकवतात, म्हणजे रबर तयार होतानाच पोलादाला धरतं. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णतेची ही करामत 1839 मध्ये शोधली. “मग आपण पण भट्टीत टाकू,” भाचा म्हणाला. प्लॅस्टिकच्या रिमचं काय होईल ते मी त्याला हाताने दाखवलं.

उरला होता ड्रॉवरमधला तिसरा गोंद. पाच-दहा रुपयांना मिळते ती नळी. फेविक्विक म्हटलं की सगळ्यांना कळतं. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण एवढ्या स्वस्तात एवढं भांडण मिटेल यावर माझा विश्वास नव्हता.

याची जन्मकथाही सैन्याच्या वाटेनेच येते. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्या शोधात सापडलेलं हे रसायन ज्याला लागेल त्याला चिकटत होतं, म्हणून वैतागून बाजूला टाकलं. 1951 मध्ये त्यांच्याच एका सहकाऱ्याने ते प्रकाशाचं वक्रीभवन मोजणाऱ्या महागड्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये लावलं आणि लोलक सुटेचनात. यंत्र गेलं, गोंद सापडला. 1958 मध्ये तो बाजारात आला.

बाकी बरेच गोंद आपल्यातलं काहीतरी सोडून घट्ट होतात. पांढरा पाणी सोडतो, सोल्युशन आपला उडता भाग सोडतं. हा उलटा आहे. नळीत त्याला आम्लाच्या अंशाने थोपवून धरलेलं असतं. बाहेर आला की हवेतली, वस्तूवरची अदृश्य ओल त्याला लागते आणि त्याच्या साखळ्या जुळत जातात. काठीला थेंब लावून पाण्यातून मासे काढणाऱ्या माणसाची ती जाहिरात आठवते ना? आपण गंमत म्हणून हसलो, पण पाणी हेच या गोंदाचं खरं जेवण आहे.

आता काम. नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तुळतुळीत थर असतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसला. रिमची खाच पॉलिश पेपरने घासली. कड नीट बसवली, भोवती भाजीच्या पिशवीचे दोन रबरबँड. खिडकी उघडली, कारण वास डोळ्यांना झोंबतो. मग अंगठ्याने कड किंचित उचलायची आणि खाचेत एक थेंब सोडायचा. थेंब खाचेतून स्वतःच सरकत जातो, मुंगी रेषेत चालावी तसा. चार ठिकाणी चार थेंब पुरतात. मी पाचवा सोडला, तो बाहेर ओघळला आणि पुसायला मी कापूस घेतला. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की पेटल्यासारखे तापतात. बोटाला चटका, कापसातून धूर, आणि भाचा खूश.

थेंब मात्र चमकतच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. नळीवर सेकंद लिहिलेले होते. मला वाटलं नळी शिळी. मग बाहेरच्या झळांकडे पाहिलं आणि कळलं. हवेत ओलच नव्हती. पर्जन्यछायेतल्या आमच्या कोरड्या नगरात एप्रिलच्या दुपारी तो बिचारा पाण्याची वाट पाहत थांबला होता. अकोले तालुक्यात, रतनवाडीच्या पावसात, हीच नळी उघडता उघडता दगावेल.

“आरशावर करतोस तसं ‘हा’ कर,” मी म्हणालो. भाच्याने चाक तोंडाजवळ धरलं, गाल फुगवले आणि सावकाश श्वास सोडला. थेंबाची चमक कडेकडेने मंद होत गेली. दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःहून श्वास दिला. गाडी त्या संध्याकाळपासून सगळा मे महिना पळाली.

नळी आम्ही झाकणाच्या बरणीत तांदळाच्या दाण्यांवर ठेवली, ओल लागू नये म्हणून. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, मातीचा वास घरात आला आणि त्याच दिवशी भाच्याला चारही चाकं नवी करायची होती. तोच थेंब, तोच हात, पण कड सरळ करायच्या आत टायर तिरका धरला गेला. भोवती खडूसारखी पांढरी झिलई. ओढून निघेना. या गोंदाला उष्णता सोसत नाही, म्हणून एक पातेलं भरून गॅसवर ठेवलं आणि चाक त्यात सोडलं. वीस मिनिटं उकळलं तेव्हा कुठे एका बाजूची कड सुटून वर आली.

तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला, “चहाचं पातेलं कुणी घेतलंय रे?”