उत्तर नको, कारण सांग

2019 साली मी तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी दिली. तेव्हा पेपर दीडशे प्रश्नांचा होता आणि वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला 48 सेकंद. हा भागाकार मुन्शीकाकांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर करून दाखवला आणि विचारलं, "अठ्ठेचाळीस सेकंदांत तू वाचतीस किती, अन् नुसतं बघतीस किती?" पुढचे कित्येक महिने आम्ही दोघं या एकाच प्रश्नामागे होतो.

मुन्शीकाका आमच्या मुदखेडचे, स्टेशनकडच्या आमच्याच गल्लीत राहणारे. नांदेडच्या एका दिवाणी वकिलांकडे कारकून म्हणून त्यांची हयात गेली. त्यांचे वडीलही वकिलाचेच कारकून, पण निजामाच्या राजवटीतले. त्या काळी कोर्टाचा कारभार उर्दूत चाले, म्हणून वडिलांनी मुलाला उर्दू लिहायला-वाचायला शिकवलं. पेटीच्या तळाशी पडलेले जुने दस्त वाचून घ्यायला लोक भोकर-उमरीहून काकांकडे येत. काका वाचून दाखवत, गरज असेल तर मराठीत उतरवून देत आणि चहाशिवाय काही घेत नसत.

आमचं घर फुलवाल्यांचं. मुदखेडच्या शिवारात गुलाब, गलांडा, झेंडू, काकडा होतो. नांदेडच्या बाजारात जातो, हैदराबादला जातो. बांधाच्या एका दाव्यापायी बाबांनी नांदेडच्या कोर्टात घातलेले हेलपाटे मी लहानपणापासून बघत आले. तारीख पडली की त्या दिवशीची तोड कोण करणार, हा घरात प्रश्न असे. कायदा शिकायचं माझ्या मनानं तिथंच घेतलं. बीए होता होता सीईटीचा फॉर्म भरला. नजर औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयावर होती.

सराव पेपर सोडवायला लागले तर गुण दीडशेपैकी ऐंशीच्या आसपास येऊन अडायचे. आणखी पेपर आणले, जास्त वेळ बसले, तरी ऐंशीच. एका संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. माझ्या हातातला कागद बघून म्हणाले, "काय करायलीस लेकरा? आण इकडं."

त्यांनी पहिल्यांदा उत्तरतालिका काढून घेतली. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग एकेक प्रश्न विचारायला लागले. मी पर्याय सांगायची, "क". ते म्हणायचे, "उत्तर नको, कारण सांग." कारण सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "मग ब का सोडलास?" बरोबर आलेल्या उत्तरांनाही सुटका नव्हती. तिथंच मला कळलं की माझी कितीतरी बरोबर उत्तरं अंदाजानं आलेली होती आणि पुढच्या पेपरात तोच अंदाज फिरला की गुण जात होते. ऐंशीचं कोडं तिथं उलगडलं.

यातूनच त्यांनी एक शिस्त बसवली. पेपर पहिल्यांदा घड्याळ लावून सोडवायचा. सोडवताना ज्या प्रश्नाशी मन जरा जरी अडखळलं त्याला खूण करायची. मग घड्याळ बाजूला ठेवून फक्त खुणेचे प्रश्न पुन्हा, हवा तेवढा वेळ घेऊन, प्रत्येक पर्यायाला कारण लिहीत. उत्तरतालिका त्यानंतर. दुसऱ्या फेरीत उत्तर बरोबर आलं तर तुला विषय कळतो, फक्त हात सावकाश चालतो. दुसऱ्या फेरीतही चुकलं तर विषयच कळलेला नाही. "ताप अन् मोडलेलं हाड, दोन्हीला एकच गोळी देतीस का?" असं ते म्हणाले होते. अमेरिकेत एलएसॅट नावाची विधी प्रवेशाची परीक्षा 1948 पासून घेतली जाते, आणि तिची तयारी करणारी मुलंही सोडवलेला पेपर असाच उत्तरं न बघता दुसऱ्यांदा तपासतात, हे मी पुढे औरंगाबादला असताना वाचलं. काकांनी ही रीत कुठून घेतली, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमचे वकीलसाहेब उलटतपासणीच्या आदल्या रात्री असंच करायचे."

कायद्याच्या प्रश्नांत माझी वेगळीच अडचण होती. तिथं आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक हकीकत, आणि ते तत्त्व त्या हकीकतीला लावायचं असतं. मी हकीकत वाचली की माझ्या मनात न्याय-अन्याय उभा राहायचा. काकांनी एक प्रश्न खास माझ्यासाठी रचला, तो अजून तोंडपाठ आहे. सतरा वर्षांच्या पोरानं हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून हंगामाच्या गुलाबांवर उचल घेतली. वय एकवीस सांगितलं. दिसायलाही थोराड. पैसे खर्चून टाकले, फुलं दिली नाहीत. तत्त्व एकच: अज्ञानाशी, म्हणजे वयात न आलेल्याशी, केलेला करार मुळातच रद्दबातल. व्यापाऱ्याला त्या करारावर पैसे मागता येतील का?

मी म्हटलं, येतील; पोरानं फसवलंय.

"फसवणुकीबद्दल तत्त्वात एक तरी शब्द आहे का? दाखव."

नव्हता. मग त्यांनी मला मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष हा 1903 चा खटला सांगितला. कोलकात्याच्या एका अज्ञान मुलानं मालमत्ता गहाण टाकून सावकाराकडून कर्ज उचललं होतं. प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं की अज्ञानाचा करार मुळातच होत नाही, मग तो पाळायला लावण्याचा प्रश्न येत नाही. हे सांगून झाल्यावर काका म्हणाले की खऱ्या कोर्टात अशा व्यापाऱ्यासाठी दुसरी दारं असतात, ती तू पुढं शिकशील. पेपरात मात्र दिलेल्या तत्त्वाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. हकीकतीतल्या ज्या गोष्टीचं तत्त्वाशी नातं नाही, तिच्यावर पेन्सिलनं रेघ मारायची. थोराड दिसणं, वय खोटं सांगणं, पैसे खर्च होणं, तिन्हींवर रेघ. उरलं काय? सतरा वर्षं. उत्तर तेवढ्यातच होतं.

तर्काच्या प्रश्नांत गृहीतक ओळखायचं असायचं, ते मला जड जाई. तेव्हा काकांनी नरहर कुरुंदकरांची आठवण काढली. तरुणपणी नांदेडला त्यांनी कुरुंदकर गुरुजींची व्याख्यानं ऐकली होती. गुरुजी समोरच्याची बाजू अशी मांडत की ऐकणाऱ्याला ती पटायला लागे, मग तिच्या पायाशी असलेली न बोललेली गोष्ट उचलून दाखवत. "ती न बोललेली गोष्ट म्हणजे तुझं गृहीतक. ती काढून घेतली की वरचं सगळं पडतं. पडलं नाही तर ते गृहीतक नव्हे." मी आजही युक्तिवाद लिहिताना आधी समोरच्या पक्षाची बाजू अर्धं पान लिहून काढते.

सामान्य ज्ञानाला 40 गुण होते. सनावळ्या माझ्या डोक्यात राहत नसत. काकांनी त्या रेल्वेवर बसवल्या. मुदखेड हे जंक्शन. एक फाटा आदिलाबादला जातो, एक निजामाबादवरून सिकंदराबादला, आणि नांदेडकडून गाडी मनमाडला. त्यांचे वडील अपिलाची कागदपत्रं घेऊन हैदराबादला जात, कारण 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि अपिलांनी दिशा बदलली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. काका नोकरीला लागले ते त्यानंतर; तेव्हा फाइली मुंबईला जात. मीटरगेजची गाडी मनमाडपर्यंत, तिथं फलाट बदलून मोठ्या गाडीत, बगलेत फाइलींचं गाठोडं. 1981 मध्ये औरंगाबादला खंडपीठ आलं आणि मुंबईच्या वाऱ्या सुटल्या. एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी उच्च न्यायालयासाठी तीन शहरं केली. घटनेच्या 371 व्या कलमात विदर्भ-मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद का घालावी लागली, तेही मला या प्रवासातूनच समजलं. त्या चार तारखा मी पुन्हा कधी विसरले नाही. मराठवाड्यातल्या मुलांना मी आजही सांगते, आधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा तो कुठल्या कचेरीत कशासाठी गेला होता. निम्मा इतिहास तिथं मिळतो.

इंग्रजी मात्र काकांच्या हातातलं नव्हतं, आणि त्याला तर सगळ्यात जास्त, 50 गुण. बाकीचा पेपर मराठीत देता यायचा, हा विभाग इंग्रजीतच. इथं मला जी मैत्रीण भेटली ती मूळची मुदखेडची नव्हती. तिचे वडील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या इथल्या प्रशिक्षण केंद्रात होते आणि ती बारावी करून क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. आमची ओळख नांदेडच्या गाडीत झाली. मी तिला तारखा आणि घटनेची कलमं सांगायची, ती मला इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचायला लावायची. माझे उच्चार अडखळले तर हसायची नाही. वाक्य कुठं तोडायचं ते बोटानं दाखवायची. शब्दांच्या याद्या पाठ करणं तिनं बंद करायला लावलं आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एकच अग्रलेख वाचून त्याचं म्हणणं तीन वाक्यांत लिहायला लावलं. ती वाक्यं ती रात्री तपासून ठेवायची. स्वतःची परीक्षा तोंडावर असताना.

तिचा पेपर तेव्हा दोनशे प्रश्नांचा, वेळ तेवढाच दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणून तिला प्रश्न सोडून द्यायची सवय लावावी लागत होती. आमच्या सीईटीत गुण कापत नसत. मला एकही प्रश्न कोरा न ठेवण्याची सवय लावायची होती. आम्ही एकमेकींचे पेपर सोडवून बघायचो तेव्हा हा फरक बोटांना जाणवायचा. दोन परीक्षा एकाच जातीच्या दिसल्या तरी त्यांची तयारी एक नसते, हे मला कुठल्याही शिकवणीत कुणी सांगितलं नव्हतं. निकालाच्या आसपास तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गेलं. पुढे तिचा फोन लागेनासा झाला. हा लेख तिला मराठीतून वाचता येणार नाही, तरी लिहिते: माझ्या पन्नासपैकी जे मिळाले त्यातले निम्मे तुझे.

परीक्षा संगणकावर होती आणि आमच्या घरात संगणक नव्हता. चौकातल्या सेवा केंद्राच्या दादानं दुकान बंद करायच्या वेळी मला एक मशीन द्यायला सुरुवात केली. पडद्यावर रेघ मारता येत नाही, म्हणून काकांची रेघ मनातल्या मनात मारायला मी तिथं शिकले. दादानं कधी पैसे घेतले नाहीत. शटर अर्धं ओढून बाहेर बसून राहायचा.

आणि माय. गुलाबाची तोड पहाटेच व्हावी लागते, ऊन चढलं की फूल उमलतं आणि भाव उतरतो. माझा अभ्यासही पहाटेच चांगला व्हायचा. पूर्वी शेतात माझी एक ओळ ठरलेली असे. त्या वर्षी माझी ओळ मायनं तोडली. घरात याची चर्चा झाली नाही, कुणी मला तसं सांगितलंही नाही. फक्त मला उठवणं बंद झालं आणि चुलीवर चहा झाकलेला मिळायला लागला. काट्यांनी तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मी बघत होते आणि पेपर सोडवत होते. बाकी सगळ्या ऋणांबद्दल मला बोलता येतं. याच्याबद्दल मायशी बोलायला गेले की ती विषय बदलते.

सीईटीत गुण ऐंशीच्या बरेच वर, शंभरीच्या पुढे गेले. औरंगाबादला प्रवेश मिळाला. मधली कोरोनाची वर्षं मोबाइलवर तास ऐकण्यात गेली. 2021 मध्ये मुन्शीकाका गेले तेव्हा मी गावातच होते. माझी सनद त्यांनी पाहिली नाही.

आता मी नांदेडला वकिली करते आणि सुटीच्या दिवशी मुदखेडला सीईटीची मुलं घेऊन बसते. परीक्षेचा आराखडा मधल्या काळात बदलला, प्रश्न कमी झाले; दोन फेऱ्यांची शिस्त आणि उत्तरतालिका काढून घेणं तेवढं मी तसंच ठेवलंय. पण काकांचं एक काम गावात बंद पडलं होतं. जमिनीच्या दाव्यांत 1954-55 ची खासरा पाहणी येते, त्याहून जुने उर्दू दस्त येतात, आणि ते वाचणारं गल्लीत कुणी राहिलं नाही. काकांच्या घरच्यांनी त्यांच्या नकलांच्या वह्या मला दिल्या, डावीकडं उर्दू, उजवीकडं त्यांच्या हातची मराठी. नांदेडच्या एका निवृत्त शिक्षिकांकडे मी उर्दू शिकायला जाते. छापील मजकूर आता वाचता येतो. दस्तांतलं शिकस्त वळणाचं हस्ताक्षर अजून जड जातं, त्यासाठी वह्यांतली दोन्ही पानं शेजारी ठेवून रोज एक दस्त लावते. भोकरचे एक शेतकरी आणि आमच्याच शिवारातल्या एक आजी कागद दाखवून गेल्या आहेत. दोघांनाही दिवाळीनंतर यायला सांगितलंय.